गिरणीचं समोरचं दार

वहिनी,

शनिवारी तुला मातीत ठेवलं आणि रविवारी उपासनेत सतरंजीवर तुझी जागा मोकळी सोडून सगळ्या बायका सरकून बसल्या. मला रागच आला. मोकळी जागा तुला कधी सोसली का? दोन माणसांत बोटभर फट दिसली तरी तू तिथं कुणाला ना कुणाला घुसवायचीस. शेवटी मीच जाऊन तिथं बसले. गुडघे ठणकत होते, पण उठले नाही.

पाळकसाहेबांनी तुझ्याविषयी बरंच सांगितलं. माहेर कुठलं, लग्न कधी झालं, दादा कधी गेला. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. मग म्हणाले, आपली रत्नमालाबाई फार सोशिक होती. सोशिक! तू! मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं मला हुंदका आला, आणि शेजारणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला हसू आवरत नव्हतं, वहिनी. तू असतीस तर तूही हसली असतीस आणि मग आपल्या दोघींना बाहेर जावं लागलं असतं.

म्हणून ठरवलं, आपणच चार ओळी लिहाव्यात. मी तुझी नणंद. दवाखान्यात नर्सची नोकरी करून रिटायर झाले आणि माहेरी येऊन तुझ्या घराला लागून खोली बांधली. तेव्हापासून आपल्या दोघींत वादाशिवाय दिवस गेला नाही. तू मला ‘वन्सं’ म्हणायचीस, ‘तुमी’ म्हणायचीस आणि त्या आदराच्या आडून हवं ते ऐकवायचीस. मी तुला सरळ ‘तू’ म्हणायचे आणि हरायचे. आता मी बोलणार आणि तू मध्ये तोंड घालू शकणार नाहीस. अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती.

एक वाद तर आपण संपवलाच नाही. तोच आज पुढे चालवते.

ते वाईट दिवस कसे सुरू झाले, आठवतं ना? कुणाच्या तरी मोबाईलवर एक व्हिडिओ आला. कुठल्या गावचा, कधीचा, देव जाणे. त्यात माणसं प्रार्थनेला बसली होती आणि खाली लिहिलं होतं, या लोकांपासून सावध राहा. आपलं प्रार्थनामंदिर गावात पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे. त्याची घंटा ऐकून लोक घड्याळ लावायचे. नाताळातल्या आपल्या करंज्या घरोघर जायच्या, दिवाळीतलं त्यांचं ताट आपल्याकडे यायचं. तरी त्या चार मिनिटांच्या व्हिडिओनं माणसं एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. पारावर बैठक झाली आणि ठरलं की ख्रिस्ती वस्तीशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध केंद्र चालवणाऱ्या रावसाहेबांनी वस्तीचं दूध घेतलं नाही. वस्तीतल्या बायका डोक्यावर भरलेल्या कॅन घेऊन गेल्या होत्या, तशाच भरलेल्या घेऊन परत आल्या. नोकरीत मी खूप बघितलंय, पण त्या कॅन परत येताना मला बघवल्या नाहीत. आपल्याकडे पावसाचा भरवसा नाही, शेत नावाला, वस्तीचा सगळा संसार दुधावर. हे रावसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी दुपारपर्यंत दूध पिऊन पिऊन पोटं फुगवून घेतली.

संध्याकाळी प्रार्थनामंदिराच्या अंगणात सगळे जमले. तुझा दानू सगळ्यात पुढे. “त्यांची पन एक नाडी आपल्या हातात हाय,” तो म्हणाला. “गावात गिरणी एकच, ती आपली. उद्यापासनं कुणाचं दळण घ्यायचं न्हाई. खाऊ द्या कच्च्या गव्हाचे दाणे.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि आजही सांगते, माझं काही चुकलं नव्हतं. जशास तसं नको म्हणणं सोपं असतं, ज्याचं दूध परत आलेलं नसतं त्याला.

तू मागे भिंतीला टेकून बसली होतीस, केसांत दिवसभराचं पीठ तसंच. म्हणालीस, “दूध त्यांनी बंद केलं. गिरणी माझी हाय. ती मी का बंद करू?”

“आई, तुला अपमान कळत न्हाई का?” दानू ओरडला.

“कळतो की. पन लोकाच्या घरची भाकर आडवायला देवानं मला गिरणी दिल्याली न्हाई. रोज त्याच्याकडं आमची भाकर दे म्हनून मागायचं, आन सकाळी उठून दुसऱ्याच्या भाकरीला कुलूप लावायचं? मला न्हाई जमत.”

आणि पदर झटकून घरी गेलीस. पाळकसाहेब प्रार्थना करून बैठक संपवणार होते, ते डोळे मिटायचेच विसरले.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी गिरणी उघडलीस. समोरचं दार गावाच्या रस्त्यावर, मागचं आपल्या वस्तीच्या बोळात. समोरचं दार तू सताड उघडलंस, उंबऱ्यासमोर सडा टाकलास आणि स्टूल घेऊन बसलीस. कुणी आलं नाही. समोरून दळणाचे डबे मोटारसायकलवर बांधून माणसं तिसगावला चालली होती आणि तुझ्याकडे न बघता जायची कसरत करत होती. तू मात्र प्रत्येकाला हाक मारायचीस. “सावकाश जा रे, खड्डे हायत!” मी दारामागून ऐकायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

मग मागच्या दारानं बायका यायला लागल्या. कुणी पिशवी ओच्यात लपवून, कुणी घमेल्यात वरून शेणाच्या गोवऱ्या ठेवून. पुरुषांनी पारावर ठरवलं होतं, पण चुलीपुढं बसून पिठाच्या डब्याचा तळ बघायची पाळी त्यांच्यावर येत नव्हती. मला वाटलं, झालं, वहिनी जिंकली. आता ही घेईल दळण आणि देईल. आणि तू काय केलंस? म्हणालीस, “दळून देते. पन समोरून या.”

“आगं माय, समोरून कसं येऊ? लोक बघतील.”

“बघू द्या की. मी काय दारू इकते व्हय?”

त्या बिचाऱ्या पिशव्या घेऊन आल्या तशा परत गेल्या. तेव्हा मी तुला सोडलं नाही. म्हटलं, “काय गं, कुठं गेलं तुझं प्रेम? शेवटी माझ्यासारखंच केलंस ना? गिरणी बंदच ठेवलीस.”

“बंद कुठं हाय, वन्सं? दार उघडं हाय.”

“मागून दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? दळण ते दळणच.”

तू गिरणीच्या पट्ट्याला हात लावून बसलीस. मग म्हणालीस, “मागून दिलं आसतं तर त्यांना पीठ मिळालं आसतं, आन आपन मागच्या दारातलेच ऱ्हायलो आसतो. मला तसली माया करायची न्हाई. त्यांनी आमाला माणूस म्हनून बघावं आन मी त्यांना. त्याला समोरचंच दार लागतं.”

हेच सांगायचं होतं मला पाळकसाहेबांना. सोशिक बाई अशी बोलत नाही. तुझं प्रेम वाकून चालणारं नव्हतं, ते ताठ होतं आणि हट्टी होतं. प्रभू सुद्धा असाच असणार असं मला तुझ्याकडे बघून वाटायला लागलं, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

त्यातली एक बाई परत जाताना रडवेली होऊन म्हणाली होती, “आमच्या घरी म्हनत्यात, तुमच्या गिरणीत दळलं की बाटतं.” यावर तू रागवशील असं मला वाटलं. तू खो खो हसलीस. “आगं, या दगडांनी आजवर कुणाचं पीठ कुणात मिसळलं न्हाई? तुमच्या गव्हात आमची बाजरी गेली, आमच्या बाजरीत तुमचा हरभरा. आता कुनाकुनाच्या पोटातनं येगळं काढणार हायत ते?” ती बाई पण हसली. डोळे पुसत पुसत हसली आणि तशीच बोळातून गेली.

मी मात्र हसून थांबणारी नव्हते. असा बहिष्कार टाकणं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. मी अर्ज लिहिला आणि पाथर्डीला तहसील कचेरीत निघाले. वाटलं, तू अडवशील, क्षमा करा वगैरे म्हणशील. तू भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून माझ्या हातात दिलास. “जा. न्याय मागितलाच पायजे. तुमी अर्ज करा, मी दार उघडं ठेवते. देवाला ज्याचा उपयोग हुईल त्याचा तो करंल.” यष्टीत बसून ती भाकरी खाताना मला तुझा फार राग आला होता. भांडणाची तयारी करून निघालेल्या माणसाला अशी शिदोरी देऊ नये.

तू घाबरत नव्हतीस असं लोक आता सांगायला लागलेत. काल एक जण म्हणाला, वाघीण होती. लोकांना माणूस मेलं की त्याचा वाघ करायची घाई असते. तू घाबरत होतीस. गिरणीच्या पत्र्यावर दगड पडला त्या दिवशी मी धावत आले, तर तू पोत्यावर अंग चोरून बसलेली. दानू बाहेर उभा राहून रस्त्याकडे बघत शिव्या देत होता. म्हणत होता, ही गिरणी विकायची आणि चाकणला जायचं, कंपनीत काम मिळतं, या गावात परत थुंकायलाही यायचं नाही.

“वन्सं, मला लई भ्या वाटतंय,” तू म्हणालीस.

मी म्हटलं, “दगडाचं? पोलिसांना सांगू.”

“दगडाचं न्हाई. पत्रा काय, बदलता येतो. दानूचं भ्या वाटतंय. त्याचं तोंड बघा. गाव सुटलं तरी मला चालंल. जाऊ चाकणला. पन पोरगं आतनं कडू झालं तर मी देवाला काय तोंड दाखवू? हे दार मी गावासाठी उघडं ठेवलंय व्हय? त्याच्यासाठी ठेवलंय. त्यानं बघावं म्हनून.”

तेव्हा मला कळलं की तुझी खरी लढाई रावसाहेबांशी नव्हतीच. मी तुझे हात हातात घेतले. माझ्यासारख्या बाईला प्रार्थना सुचत नाही, मला फक्त नाडी बघता येते. ती फार जोरात पळत होती. तूच प्रार्थना केलीस, आणि त्यात दानूसाठी, मग माझ्या तोंडासाठी, म्हणजे ते ताब्यात राहावं म्हणून, आणि शेवटी रावसाहेबांसाठी मागणी केलीस. तिथवर ठीक होतं. रविवारी तेच तू भर उपासनेत, मोठ्यानं केलंस. “देवा, रावसाहेबाच्या गाभण म्हशीला मोकळी कर, ती आडलीय म्हनं.” पाळकसाहेबांना ठसका लागला. दानू उठून बाहेर गेला. मागच्या ओळीतला एक जण म्हणाला, आमेन म्हणायचं का नाही? तू डोळे न उघडता म्हणालीस, “म्हना की, म्हशीनं काय केलंय तुमचं?”

म्हैस मोकळी झाली. बातमी गावात कशी गेली कोण जाणे, पण गेली.

आणि मग गयाबाई आली. रावसाहेबांची आई. काठी टेकत, भर सकाळी, भर रस्त्यानं, पाराला वळसा न घालता. काखेत डबा. पारावरचे सगळे उठून उभे राहिले. रावसाहेब केंद्रावरून पळत आले, “आई, कुठं चालली?” तिनं मान सुद्धा वळवली नाही. समोरच्या दारातून आत आली, डबा तुझ्यापुढे ठेवला आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “तिसगावचं पीठ जाडं येतं. माझ्या तोंडात दात न्हाईत. ह्या गड्यांच्या राजकारणापायी मी काय उपाशी मरू? दळ बाई, बारीक दळ.”

तू उठलीस. डोळ्यांतून पाणी आणि हात मात्र कामाला लागलेले. गिरणी सुरू झाली तो आवाज सगळ्या गावानं ऐकला. वस्तीतल्या बायका घरातून बाहेर आल्या. मी तर गल्लीत उभी राहून टाळ्या वाजवल्या, या वेळी तुझ्या बाजूनं. गयाबाई दळण होईस्तोवर तुझ्या स्टुलावर बसून राहिली, आणि रावसाहेब रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे. तू त्यांना हाक मारलीस, “सावलीला या की!” ते आले नाहीत. पण गेलेही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दाराशी रांग लागली. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या अर्जावरून कचेरीतले साहेब चौकशीला आले, पारावर बसले, सगळ्यांना कायदा समजावून सांगितला, आणि दूध केंद्र वस्तीला खुलं झालं. तेव्हापासून आपला तो वाद. मी म्हणायचे, माझ्या अर्जानं बहिष्कार मोडला. तू म्हणायचीस, म्हातारीच्या दातांनी मोडला. मी म्हणायचे, साहेब आले नसते तर दूध घेतलं असतं का त्यांनी? तू म्हणायचीस, साहेबाला गयाबाईचं दळण दळता आलं असतं का? चहाला बसलो की हेच. तुझ्या शेवटच्या आजारपणातही मी पलंगाशी बसून तुला म्हटलं, आता तरी कबूल कर. तू ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणालीस, “तुमीच करा.”

पण दानूविषयीची तुझी ती भीती गेली नव्हती, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं. दानू चाकणला गेला नाही. गिरणी चालवायला लागला, तुझे गुडघे गेल्यावर सगळं त्यानंच बघितलं. सगळ्यांशी हसून बोलायचा. फक्त रावसाहेब आले की त्याचं तोंड मिटायचं. डबा घ्यायचा, दळायचा, पुढे सरकवायचा. रावसाहेब “बरं हाय का, दानू?” विचारायचे आणि तो पट्ट्याकडे बघत राहायचा. इतकी वर्षं. तू कधी त्याला टोकलं नाहीस. मी म्हणायचे, सांग ना त्याला. तू म्हणायचीस, सांगून हुनार आसतं तर देवानं नुसतं सांगितलंच आसतं. आजारात सुद्धा तब्येत थोडी सुधारली की काठीला धरून गिरणीत जाऊन बसायचीस, त्याच्याकडे बघत. शेवटच्या गुरुवारी तर ऐकलंच नाहीस, मोटार स्वतः चालू केलीस आणि एक डबा दळूनच उठलीस. मी किती ओरडले तुझ्यावर.

आता शनिवारचं ऐक. तू तिथं होतीस आणि नव्हतीस, म्हणून सांगते.

तुला घेऊन आम्ही गाणी म्हणत गेलो, रडगाणी नाही, पुनरुत्थानाची. ढोलकी होती. सगळं गाव मागे होतं. रावसाहेबही होते, पण सगळ्यात शेवटी, शवपेटीला खांदा द्यायला पुढे यायचं धाडस त्यांना झालं नाही. मातीला हात लावून घरी आलो. दानूनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. वस्तीतल्या बायकांनी करून बघितलं, मी रागावून बघितलं, तो भिंतीला टेकून बसलेला, तुझ्यासारखाच.

तेवढ्यात गयाबाई आली. आता तिला दिसतही नाही नीट. रावसाहेबांनी दंडाला धरून आणलं, आणि तिला आत सोडून ते बाहेरच थांबले. तिनं कडू भाकर आणली होती. घरात मयत झालं की शेजारच्यांनी आणायची असते ती. पाळकसाहेबांना हे रिवाज आवडत नाहीत, पण ते काही बोलले नाहीत. ती चाचपडत दानूपुढे बसली, पिठल्यात बुडवलेला घास त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, “खा, बाबा. तुझ्या आईच्या हातचं दळण हाय. गुरुवारी तिनंच दळून दिल्तं. बारीक हाय.”

दानूनं त्या घासाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. रावसाहेब बाहेर ओट्याखाली उभे होते, चपला काढून, मान खाली घालून. मी नर्स आहे, वहिनी, माणसं कोणत्या क्षणी इकडची तिकडे होतात ते मी अनेकदा बघितलंय.

दानूनं घास खाल्ला. मग म्हातारीच्या हातातली भाकरी घेतली, मधोमध मोडली आणि उठला. दारात गेला. अर्धी भाकरी रावसाहेबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “काका, तुमी पन सकाळपासनं उपाशी आसाल. आत या. बसा.”

‘काका’ म्हणाला तो त्यांना, वहिनी. रावसाहेब पायरीवरच रडायला लागले. दानूनं त्यांना हाताला धरून आत आणलं, तुझ्या फोटोखाली बसवलं आणि दोघं ती भाकरी खायला लागले.

माझ्या अर्जानं दूध केंद्र उघडलं. हे मी कालही म्हणत होते, आजही म्हणते आणि तुझ्यासमोर उभी राहीन तेव्हाही म्हणेन. पण हे जे शनिवारी झालं, त्यासाठी अर्ज कुठल्या कचेरीत करायचा असतो, ते मला माहीत नाही. तेवढं मात्र तू एकटीनं केलंस, आणि तेवढंच तर तुला हवं होतं. मरणानं तुला नेलं, पण त्याच्या हाती काही लागलं नाही. जिंकलीस, बाई, चारीमुंड्या चीत केलंस सगळ्यांना.

मला राहवलं नाही. मयताच्या घरात, भरल्या गर्दीत, मी उभी राहिले आणि गाव ऐकेल एवढ्या मोठ्यानं ‘हालेलुया’ म्हणाले. पाळकसाहेब दचकले. बायकांनी मला पदराला धरून खाली ओढलं. पण तोवर तोंडात घास असलेला दानू खुदकन हसला होता.